पायरीखालची हवा : मॅक २ च्या प्रवाहात तळाचा दाब ठरवतं कोण?

ठाकुर्लीकर | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका कॉलेजात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय सांगायला अगदी सोपा आहे. सपाट पृष्ठभागावरून हवा ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक २ ने, वाहत येते. पुढे १० मिलिमीटरची एक पायरी खाली उतरते आणि मग पुन्हा सपाट जमीन. पायरीवरून उतरताना हवेचं काय होतं, ते मला शोधायचं आहे.

वाचून समजलेलं असं : पायरीच्या कडेवर प्रवाह पृष्ठभाग सोडतो. कडेपासून प्रसरणलहरींचा पंखा उघडतो, त्यातून जाताना हवेचा दाब उतरतो आणि वेग वाढतो. पायरीच्या कुशीत थोडी हवा अडकून भोवऱ्यासारखी फिरत राहते. वरचा प्रवाह तिरका खाली येतो, थोड्या अंतरावर जमिनीला टेकतो, आणि टेकताना त्याला पुन्हा सरळ व्हावं लागतं म्हणून तिथून एक शॉक (हवेचा दाब एकदम चढवणारी लहर) उठतो.

आता अडचण. मी सोपं म्हणून श्यानता (हवेच्या थरांचं एकमेकांना घासणं) न धरता गणित मांडलं आणि ओपनफोम या संगणकप्रणालीवर चालवलं. जाळी (हिशेबासाठी हवेचे पाडलेले बारीक तुकडे) बदलली की पायरीच्या कुशीतला दाब, म्हणजेच तळाचा दाब, बदलतो. कधी वरच्या प्रवाहाच्या ०.५५ पट, कधी ०.४३. दुसरं म्हणजे कडेच्या जरा खालून एक बारीक, फिकट शॉक निघताना दिसतो. तो खरा की जाळीची चूक?

आणि तिसरा प्रश्न बाबांचा आहे. "एका पायरीवर दोन वर्षं घालवतेस, त्यातून काय निघणार?" त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

---

कटिंग_चहा | रात्री ११.३१

आमच्या चाळीत पायरीवर अख्खी पिढी बसून गेली, कुणी एम.टेक. दिलं नाही. :) वाचतोय, लिहीत राहा.

---

गिरगावकर_७१ | रात्री ११.४८

मी कॉमर्सवाला, पण एक शंका येतेच. पाणी पायरीवरून उतरतं तेव्हा पायरीला चिकटून उतरू शकतं. मग हवा कडेवरून वळून भिंतीलगत सरळ खाली का जात नाही? तिला पुढे फेकलं कुणी?

---

संगणकी_ऐरोली | मंगळवार, सकाळी ७.५५ (लोकलमधून)

ठाकुर्लीकर, चूक पहिल्याच ओळीत आहे. श्यानता काढून टाकलीस की कुशीतल्या हवेला फिरवणारं कुणी उरत नाही. वरचा वेगवान थर खालच्या हवेला घासून ओढतो, म्हणून ती फिरते. तुझ्या गणितात ते ओढण्याचं काम जाळीतली चूक करते आहे. आकडेमोडीत आपोआप शिरणारी खोटी श्यानता. म्हणून जाळी बदलली की खोटी श्यानता बदलते आणि दाबही बदलतो. असं कितीही बारीक करत गेलीस तरी एका ठिकाणी ठरेल याची खात्री नाही.

प्रक्षुब्ध प्रवाहाचं मॉडेल लाव, के-ओमेगा एसएसटीने सुरुवात कर. आणि पायरीच्या आधी पुरेशी लांबी ठेव म्हणजे सीमास्तर (पृष्ठभागाला घासून मंदावलेला हवेचा थर) नीट वाढून कडेपर्यंत येईल.

बाकी डब्यात रेंज जातेय, रात्री लिहितो.

---

निवृत्त_प्रवाह | सकाळी १०.१५

गिरगावकर, तुम्ही विचारलेला प्रश्नच या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९०८ साली गॉटिंगेनला थिओडोर मेयर यांनी प्रांटल यांच्या हाताखाली प्रबंध लिहिला. त्यात हे गणित आहे : ध्वनीहून वेगवान हवा बहिर्गोल कोपऱ्यावरून वळली तर किती वळेल, आणि वळताना दाब किती उतरेल. त्या गणिताप्रमाणे मॅक २ ची हवा सुमारे १०४ अंशांपर्यंत वळू शकते. त्यापुढे निर्वात पोकळीच. आपल्या पायरीला हवे आहेत ९० अंश. म्हणजे कागदावर तुमची शंका बरोबर आहे, हवा भिंतीलगत सरळ खाली जाऊ शकते! पण तेवढी वळताना ती इतकी थंड होईल की वायू म्हणून शिल्लकच राहणार नाही.

प्रत्यक्षात ती पंधराएक अंश वळते आणि तिथेच थांबते. का थांबते? कारण खाली जमीन आहे. वळलेला प्रवाह जमिनीला टेकतो आणि टेकल्यावर दाब एकदम चढतो. आता वरच्या वेगवान थराच्या खालच्या काठाचे हवेचे कण बघा. कुशीतल्या हवेला ओढून ते तिच्यातली थोडी स्वतःबरोबर घेऊन चाललेले असतात. दाबाच्या चढाला आल्यावर ज्यांच्यात पुरेसा जोर आहे ते चढून पुढे निघून जातात. ज्यांच्यात नाही ते मागे वळतात आणि पुन्हा कुशीत येतात. कुशीतून जेवढी हवा ओढली गेली, तेवढीच परत यायला हवी. कमी आली तर कुशी रिकामी होत जाईल, दाब उतरेल, प्रवाह जास्त वळेल, टेकताना चढ आणखी उभा होईल, आणि जास्त कण परत फिरतील. असा तो हिशेब आपोआप जुळतो. जिथे जुळतो तोच तळाचा दाब.

कोर्स्ट यांनी १९५६ मध्ये आणि चॅपमन, क्यून व लार्सन यांनी १९५८ च्या नाका (नासाची पूर्वसंस्था) अहवालात हा विचार मांडला. मी ती मांडणी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा दोन रात्री झोप लागली नव्हती. एवढ्याशा पायरीने स्वतःचा दाब स्वतः शोधून काढावा, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

---

मुलुंडची_मैना | दुपारी १.०५

सर, फार सुंदर लिहिलंत, पण एका बाबतीत मी वेगळं मत मांडते. तुम्ही सगळं श्रेय टेकण्याच्या जागेला दिलंत. माझं म्हणणं, अर्धं तरी कडेवर ठरतं. पायरीच्या आधीचा सीमास्तर जाड असेल तर कडेवरून सुटणारा थर मुळातच जाड आणि मंद असतो, त्याच्या खालच्या काठात जोर कमी असतो. म्हणजे कोण चढणार नि कोण परत येणार, हे घरून निघतानाच बरंचसं ठरलेलं असतं. सीमास्तराची जाडी पायरीच्या उंचीच्या किती पट आहे, हे सांगितल्याशिवाय "मॅक २ ला तळाचा दाब अमुक" म्हणणं अपुरं आहे.

गिरगावकरांसाठी एक उदाहरण. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता जिना चढायचा असेल तर धक्का देणारे वर जातात, बाकीचे परत फलाटावर ढकलले जातात. फलाटावर किती गर्दी साठेल ते जिन्यावर ठरतं, हे सरांचं म्हणणं. गाडीतून उतरणारे किती दमलेले आहेत त्यावरही ठरतं, हे माझं.

---

निवृत्त_प्रवाह | दुपारी २.४०

मैनाताई, मान्य. चॅपमन यांच्या मूळ मांडणीत कडेवरची जाडी शून्य धरली होती, आणि प्रयोगाशी तुलना करताना नेमकी तीच गोष्ट आड आली. ठाकुर्लीकर, तुझ्या अहवालात जाडी आणि उंचीचं गुणोत्तर पहिल्याच पानावर लिही.

---

गिरगावकर_७१ | दुपारी ३.१०

दादरचा पूल चटकन समजला. पण अजून एक. शाळेत शिकलो होतो की ध्वनीपेक्षा वेगवान वस्तूच्या पुढे बातमी जात नाही, म्हणून विमान आधी येतं आणि आवाज मागून. मग टेकण्याची जागा पुढे आहे, कड मागे आहे. पुढे काय घडतंय हे कडेला कळतं कसं?

---

मुलुंडची_मैना | दुपारी ३.३२

खालच्या वाटेने! कुशीतली हवा ध्वनीपेक्षा मंद आहे. वरच्या वेगवान प्रवाहातून बातमी उलट जाऊ शकत नाही, पण जमिनीलगतच्या मंद हवेतून ती सहज मागे जाते. फास्ट ट्रॅकवर सगळ्या गाड्या कल्याणकडेच चालल्या असल्या तरी शेजारच्या रुळावरून सीएसएमटीकडे येणाऱ्या गाडीतून डबेवाला परत येतोच ना, तसं.

---

शब्दवेडा | संध्याकाळी ५.००

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण राहवत नाही. या बॅकवर्ड फेसिंग स्टेपला मराठीत काय म्हणायचं? "मागे तोंड केलेली पायरी" हे कानाला खटकतं. मी "पाठमोरी पायरी" सुचवतो. प्रवाह येतो त्या दिशेकडे तिने पाठ केलेली असते, म्हणून पाठमोरी. समोर तोंड असेल ती "सामोरी". सुपरसॉनिकला "स्वनातीत" हा जुना, चांगला शब्द आहेच. आणि ज्यांच्या नावाने हा आकडा आहे त्यांचा जर्मन उच्चार "माख" असा आहे.

---

लेथवाले_काका | संध्याकाळी ६.४५

पाठमोरी पायरी आवडली. शॉपमध्ये आम्ही नुसतं "स्टेप" म्हणतो.

मुली, तू जॉब, म्हणजे प्रयोगाची धातूची पायरी, कुठे करून घेणार आहेस? चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातून सांगतो. तुझ्या पायरीत सगळं महत्त्व त्या एका धारेला. मिलिंग करून आणलेल्या जॉबला धारेवर बर (कापताना उरलेला धातूचा बारीक कंगोरा) राहते. नवीन पोरगा ती बर काढायला फाइल मारतो आणि धार गोल करून ठेवतो. मग प्रवाह कुठून सुटतो ते तुलाच कळणार नाही. त्यापेक्षा वरचा पृष्ठभाग आणि उभी भिंत दोन्ही सरफेस ग्राइंडिंगला टाक, बर बारीक ऑइलस्टोनने एकाच दिशेने काढ, आणि धार भिंगाखाली बघ.

दाब मोजायची छिद्रं पाडणार असशील तर ०.५ मिलिमीटरच्या वर जाऊ नको, पृष्ठभागाला काटकोनात पाड. छिद्राच्या तोंडाशी बर राहिली तर मीटर खोटं बोलणार. नागदेवीला ड्रिल मिळतील, पण दुकानात उभं राहून एकेक बघून घे.

---

आरशात_तारे | रात्री ९.१०

काका, धारेवरून आठवलं. मी हौशी दुर्बिणी करतो, आरसे हाताने घासतो. हवेतले हे शॉक बघायची पद्धत आणि आरशाची परीक्षा घ्यायची पद्धत सख्ख्या बहिणी आहेत. टोपलर यांनी १८६४ मध्ये ती हवेसाठी वापरली, तिला श्लीरेन म्हणतात. हवेची घनता बदलली की प्रकाश किंचित वळतो. तो वळलेला किरण दाढीच्या पात्याच्या धारेवर अडला की चित्रात काळा दिसतो, सुटला की उजळ. माख आणि त्यांचे सहकारी साल्शर यांनी याच पद्धतीने उडत्या गोळीपुढचा शॉक टिपला आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध केला.

घरी करून बघ. माझा गोलाकार आरसा १.२ मीटर नाभीय अंतराचा आहे. वक्रताकेंद्र २.४ मीटरवर येतं, म्हणजे परळच्या आमच्या खोलीत जेमतेम मावतं. पांढरा एलईडी, टाचणीने भोक पाडलेला पत्रा, पातं आणि मोबाइलचा कॅमेरा. मेणबत्तीवरची गरम हवा अशी उसळताना दिसते की आईने स्वयंपाक सोडून अर्धा तास बघितली. फक्त फास्ट गाडी गेली की पातं थरथरतं. म्हणून मी रात्री दीडनंतर, गाड्या बंद झाल्यावर फोटो घेतो.

---

संगणकी_ऐरोली | रात्री १०.२०

घरी पोचलो. त्या फिकट शॉकबद्दल. जाळी बारीक केल्यावर तो जागा बदलतो का, की त्याच जागी राहून आणखी रेखीव होतो? जागा सोडली तर शंका घे. रेखीव झाला तर खरा मान. कडेवर प्रवाह गरजेपेक्षा थोडा जास्तच वळतो, कडेच्या किंचित खाली भिंतीवरून सुटतो, आणि सुटताना त्याला पुन्हा थोडं वर वळावं लागतं. त्या वळणावर हा छोटा शॉक तयार होतो. ओठाचा शॉक म्हण. प्रयोगांतही दिसतो.

आकडे जुळतात का तेही हाताने बघून घे. १० अंश वळली तर मॅक २ ची हवा मॅक २.३८ होते आणि दाब ०.५५ पट राहतो. १५ अंश वळली तर मॅक २.६ आणि दाब ०.३९ पट. १५ अंशांच्या सरळ रेषेने १० मिलिमीटर खाली यायला ३७ मिलिमीटर लागतात. थर वाटेत जाड होत जातो म्हणून तो त्याआधीच टेकतो. पायरीच्या उंचीच्या तिप्पट अंतराच्या आसपास उत्तर आलं तर बरोबर वाटेवर आहेस. कमी वेगाच्या हवेत हेच अंतर सहा-सात पट असतं.

---

बोगद्याजवळचा | बुधवार, सकाळी ९.३०

वातबोगद्यातला (टाकीत दाबून भरलेली हवा ज्यातून वेगाने सोडतात तो) प्रयोग मुंबईत करणार असाल तर एक गोष्ट कुणीच लिहिली नाही : दमट हवा.

टाकीतली हवा २७ अंश सेल्सिअसला असेल तर मॅक २ ला पोचेपर्यंत ती शून्याखाली १०६ अंशांवर येते. (वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर.) त्या थंडीत हवेतली वाफ धुक्यासारखी गोठते, तिची उष्णता प्रवाहात शिरते, आणि जिथे शॉक नसावा तिथे तो दिसू लागतो. माझ्या पहिल्या प्रयोगात चाचणीकक्ष पांढराशुभ्र झाला. आम्ही अर्धा तास त्या "शॉक"चे फोटो काढत होतो. ती जुलैतली दमट हवा होती, सुकवणीतला ओल शोषणारा दाणा कुणी बदललाच नव्हता. त्या दिवशीचा सगळा डेटा टाकून द्यावा लागला, त्याची हळहळ अजून आहे.

हिशेब करा. पावसाळ्यात आपल्याकडे घनमीटरभर हवेत २५ ग्रॅम पाणी सहज असतं. ५० घनमीटरची टाकी ८ वातावरणाला (बाहेरच्या हवेच्या आठपट दाबाला) भरायची तर ४०० घनमीटर हवा आत दाबावी लागते, म्हणजे १० किलो पाणी! ते सगळं बाहेर काढायचं. कॉम्प्रेसरनंतरच्या कूलरचं पाणी सोडत राहा, सुकवणीतला दाणा वेळेवर भाजून घ्या, आणि दवबिंदू उणे ४० च्या खाली गेल्याशिवाय झडप उघडू नका.

एवढं करून मिळतं काय? १०० बाय १०० मिलिमीटरच्या कक्षात मॅक २ चा प्रवाह ४ वातावरणाच्या दाबावर चालवला तर सेकंदाला साडेपाच किलो हवा जाते. टाकी ८ वरून ५ वर येईपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी आम्ही सकाळपासून टाकी भरत बसायचो, आणि तो आवाज सुरू झाला की अंगावर काटा यायचा.

---

कटिंग_चहा | सकाळी ९.४४

१० किलो पाणी! आमच्या भिंतीला जे ओल येतं त्याचा हिशेब आज लागला.

---

वर्सोव्याची_लाट | सकाळी ११.००

बोगदा मिळेपर्यंत पाण्यात बघा ना. उथळ पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटा ६ मिलिमीटर खोलीला सेकंदाला सुमारे २४ सेंटिमीटरने धावतात. पाणी त्याहून जोरात वाहिलं की ते "स्वनातीत" हवेसारखं वागतं. नळाखालच्या ताटलीत पाण्याचं जे गोल कडं उठतं, तो तिथला शॉक.

पण एक काळजी घ्या. इथे खोली म्हणजे हवेची घनता. म्हणून पायरी तळाला करायची नाही, बाजूच्या भिंतीला करायची. अॅक्रिलिकचा पन्हाळ घ्यायचा, एका बाजूची भिंत मध्येच एकदम बाहेर सरकवायची, आणि वरून बघायचं. पंखा, भोवरा, टेकण्याची जागा, सगळं दिसतं. आकडे हवेचे म्हणून वापरू नका, पाण्याचा हिशेब वेगळ्या वायूसारखा आहे. डोळ्यांना समजण्यासाठी मात्र याला तोड नाही.

---

निवृत्त_प्रवाह | दुपारी १२.२०

बाबांच्या प्रश्नाचं राहिलं. ठाकुर्लीकर, त्यांना तुझ्याच पायरीचा हिशेब दाखव. ४ वातावरणाच्या टाकीतून मॅक २ ला हवेचा दाब साधारण अर्धं वातावरण उरतो. पायरीच्या भिंतीवर त्याच्या ०.४ पट. १० मिलिमीटर उंच, १०० मिलिमीटर रुंद अशा पट्टीवर दाबाच्या या फरकामुळे तीन किलोची ओढ मागे बसते. बोटाएवढ्या पट्टीवर तीन किलो! तोफगोळ्याचा सपाट तळ हीच पाठमोरी पायरी आहे, फक्त गोल फिरवलेली. तळातून थोडा गरम वायू सोडून तिथला दाब वाढवला की गोळा लांब जातो.

पीएसएलव्हीच्या उष्णताकवचाचा व्यास ३.२ मीटर, गाभ्याचा २.८. तिथे व्यास कमी होताना प्रवाहाला वळावंच लागतं, आणि ते वळण किती सावकाश ठेवायचं हे आखणाऱ्याला ठरवावं लागतं.

आणि स्क्रॅमजेट, म्हणजे आतून स्वनातीत वेगाने जाणाऱ्या हवेतच इंधन जाळणारं इंजिन. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडवलेल्या अग्निबाणावर ते मॅक ६ च्या आसपास ५ सेकंद पेटवलं. त्या इंजिनात हवा एखाद्या मिलिसेकंदात आरपार जाते. एवढ्यात इंधन मिसळायचं आणि जळायचं. वादळात पणती टिकवायची तर आडोसा लागतो. अशा इंजिनांत पायरीची कुशी किंवा खोबण हा आडोसा देते, तिथली हवा गरम राहून फिरत राहते आणि ज्योत धरून ठेवते. तू जो भोवरा मोजते आहेस तोच.

भारतातला पहिला स्वनातीत बोगदा सतीश धवन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उभारला. त्या वेळी त्यांनाही कुणीतरी विचारलं असेलच.

---

ठाकुर्लीकर | पुढच्या सोमवारी, रात्री १२.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर गायब होते, कारण गणित चालू होतं.

श्यानता धरली, एसएसटी लावलं, पायरीआधीची लांबी वाढवली. शेवटच्या दोन जाळ्यांमध्ये तळाचा दाब जवळपास हललाच नाही, ०.४ च्या आसपास थांबला. प्रवाह टेकतो तो पायरीच्या उंचीच्या तिप्पट अंतराच्या थोडा अलीकडे. फिकट शॉक जागचा हलला नाही, उलट रेखीव झाला. मैनाताई, मग मुद्दाम पायरीआधीची लांबी आणखी वाढवून सीमास्तर जाड केला. तळाचा दाब चढला. तुमचं आणि सरांचं, दोघांचंही म्हणणं एकाच आलेखात दिसतंय.

रविवारी गच्चीवर अॅक्रिलिकचा पन्हाळ केला. बाबा बादली धरून उभे होते. पाण्यात तुळशीची मंजिरी टाकली, ती भिंतीमागच्या कुशीत शिरली आणि गोल गोल फिरत राहिली, बाहेर येईना. बाबांनी तीन बादल्या ओतल्या. मग म्हणाले, "ती मंजिरी म्हणजे तुझी ज्योत का?" मी हो म्हटलं. खाली आल्यावर तीन किलोचा हिशेब त्यांनी स्वतः कागदावर करून बघितला.

बोगद्याचे दिवस पावसाळ्याआधीचे मिळाले आहेत. काका, जॉब आता करायलाच हवा. शनिवारी ड्रॉइंग घेऊन कुर्ल्याला येऊ का? आणि छिद्रं ०.५ ची ठेवू की ०.४ ची?

---

लेथवाले_काका | सकाळी ६.३०

ये. ०.५ ची ठेव. ०.४ चं ड्रिल आत मोडलं तर निघत नाही आणि जॉब वाया जातो. उभ्या भिंतीवर मधोमध एक आणि कडेच्या जवळ दोन जास्तीची दे, तुझा तो ओठाचा शॉक तिथूनच निघतो ना. येताना भिंग आण, माझं फुटलंय.